व्यासपीठाखालचा हौद

चर्चच्या मंडळीत शेवटी अकरा जण उरले होते. त्यातल्या दोघांना ऐकू कमी यायचं, एकाच्या डोळ्यांनी दगा दिला होता, आणि एका आजींना दाराच्या सहा पायऱ्या चढवायला तिघे लागत. म्हणजे उपासना सुरू होईपर्यंतच निम्मी मंडळी दमलेली. शेवटचे पाळक जाऊन दोन वर्षं झाली होती. कोणीतरी उपदेशाचं पुस्तक उघडून वाचायचं, कोणीतरी प्रार्थना म्हणायचं, आणि भिंतींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सगळे गायचे.

त्या अकरांतले एक फिटरकाका. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली, शहरातला कुठला व्हॉल्व्ह कुठल्या झाकणाखाली आहे ते पाठ. निवृत्त झाले तरी नाव तेच राहिलं. चर्चचे विश्वस्तही तेच, कारण दुसरं कोणी जिना चढून कागद आणायला तयार नव्हतं.

मोठ्या रस्त्यापलीकडे एक नवी मंडळी वाढत होती. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत नऊ जणांनी सुरू केलेली, ती पाच वर्षांत दोनशेवर गेली. जागा म्हणजे एक बंद पडलेलं फरशांचं दुकान. रविवारी तीन-तीन उपासना, आणि पाळकांच्या पाठीमागच्या भिंतीवर अजून बाथरूमचे निळे-पांढरे नमुने चिकटवलेले. त्यांनी जागेसाठी विचारलं तेव्हा अकरा जणांनी बैठक घेतली. दहा हात लगेच वर गेले. अकरावा हात फिटरकाकांचा. तो वर गेला, पण खांद्यात दुखणं असल्यासारखा.

"इमारत कुलूप लावून ठेवण्यापेक्षा कुणी गाणं म्हणेल तर बरं," डोळ्यांनी दगा दिलेले गृहस्थ म्हणाले.

किल्ल्या द्यायला काका बायकोला घेऊन गेले. तेवीस किल्ल्या, एका तारेत ओवलेल्या. नव्या मंडळीचे पाळक चाळिशीचे, हसऱ्या तोंडाचे. पूर्वी ते गाडी शिकवायचे, त्यामुळे त्यांना सगळे मास्तर म्हणत. समोरचा माणूस घाबरट आहे असं गृहीत धरूनच बोलण्याची सवय त्यांना तिथूनच लागली असावी.

"सावकाश सांगा काका, मी लिहून घेतो," ते म्हणाले.

काकांनी सगळं दाखवलं. कुठली खिडकी उघडायची नाही, कुठल्या दाराला खालून लाथ मारावी लागते, छताचं पाणी कुठून उतरतं. तळघर दाखवलं, मीटर दाखवलं. व्यासपीठावर मात्र ते चढले नाहीत.

"आणखी काही राहिलं का?" मास्तरांनी वही मिटता मिटता विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती खिडकीकडे बघू लागली.

राहिलं होतं. व्यासपीठाच्या फळ्यांखाली बाप्तिस्म्याचा हौद होता. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, आत उतरायला चार पायऱ्या. काका तिशीत असताना मंडळीने तो बांधला होता, आणि पाणी आणायची न् सोडायची सगळी नळजोडणी त्यांनी एकट्याने केली होती. सुट्टी घालून, एका पैशाशिवाय. पंधराएक वर्षं त्या हौदात माणसं उतरली आणि भिजून वर आली. काकांची दोन्ही मुलंही तिथेच.

मग एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका रविवारी दोघी बहिणींचा बाप्तिस्मा झाला, आणि सोमवारी तळघराचं दार उघडलं तर गुडघाभर पाणी. हौदाच्या तळाचा सांधा गळाला होता. गीतांची दीडशे पुस्तकं फुगून पाव झाली होती. ऑर्गनचा भाता खालीच असायचा, त्याचं लाकूड वाकलं, आणि तो ऑर्गन पुढे कधी धड वाजला नाही. बायकांनी बाकांवर दोऱ्या बांधून पुस्तकं वाळत घातली, पानापानाला इस्त्री केली.

"पुढच्या रविवारच्या आत दुरुस्त करतो," काका तेव्हा म्हणाले होते.

त्याच आठवड्यात शहराची मोठी जलवाहिनी फुटली आणि महिनाभर त्यांना घर दिसलं नाही. त्यानंतर वडील अंथरुणाला खिळले. तोपर्यंत कोणीतरी व्यासपीठावर जाड गालिचा घातला. बाप्तिस्मा मागायला कोणी आलं नाही. एकदोघे आले ते दुसऱ्या चर्चला गेले. तरुण माणसं कामाधंद्याच्या मागे पांगली. काकांना कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. न बोललेलं त्यांच्या पोटात तसंच राहिलं, आणि दर वर्षी बाकांवरची डोकी मोजताना त्यांना वाटायचं, हे आपल्यामुळे. हौद कोरडा पडला तिथून सगळं कोरडं पडत गेलं.

किल्ल्या दिल्यावर घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "विषय संपला. आता त्या रस्त्याने जायचंसुद्धा नाही."

"बरं," बायको म्हणाली.

पुढच्याच रविवारी ती नवी साडी नेसून बाहेर पडली. भाजी आणायला म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारी मैत्रिणीकडे. तिसऱ्या रविवारी काकांनी विचारलं, "भाजीवाला उपासनेच्या वेळेलाच बसतो वाटतं?"

"तुम्ही विषय संपवलात. माझा कुठे संपलाय?" ती म्हणाली. मग काही लपवायचं उरलंच नाही. जेवताना ती तिकडच्या बातम्या सांगायची आणि काका न ऐकल्यासारखं करून सगळं ऐकायचे. पायऱ्यांशेजारी उतार बांधला, आता आजी एकट्या चढतात. तळघरात मुलांचे वर्ग भरतात. लाथ मारावी लागणारं दार सुताराने रंधा मारून सारखं केलं. याचा काकांना जरा रागच आला.

"आणि बाप्तिस्म्याची काय गंमत सांगू," ती एकदा म्हणाली. "एकेचाळीस जण थांबलेत. गेल्या वेळी पोहण्याच्या तलावावर नेलं होतं. तलाववाल्यांनी सकाळी सहाची वेळ दिली. इकडे मास्तर प्रार्थना म्हणतायत आणि शेजारून एक गृहस्थ पाठीवर पोहत चाललेत. त्यांनीही हात वर करून आमेन म्हटलं म्हणे."

काका हसले नाहीत. पोळीचा घास हातातच राहिला.

"उद्यापासून व्यासपीठाचं काम आहे," ती त्यांच्या ताटात भाजी वाढत म्हणाली. "गालिचा काढणार, फळ्यांतून वायरी घालणार. आणि रविवारी तीस जणांचा गायनवृंद मधोमध उभा राहणार."

"मधोमध?"

"हो. मधोमध."

काका उठले. मधल्या आठ फुटांत खाली आधार नव्हता. नुसत्या उचलायच्या फळ्या, त्याही एवढ्या वर्षांच्या ओलीने काय झाल्या असतील देव जाणे. तीस माणसं त्यावर उभी राहिली तर गाण्याचं पहिलं कडवंही पुरं होणार नव्हतं. हात न धुताच ते चपला शोधू लागले.

"अहो, हात तरी धुवा," बायको म्हणाली. तिच्या आवाजात घाई अजिबात नव्हती. तेव्हा काकांच्या लक्षात आलं की ही बातमी साधी आलेली नाही.

"तुला सगळं ठाऊक होतं. मग तूच का नाही सांगितलंस त्यांना?"

"हौद कुणी जोडला? मी?" ती म्हणाली.

रात्री तिथे कोणी भेटणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका चर्चमध्ये पोचले तेव्हा गालिचा गुंडाळून झाला होता. नव्या मंडळीतली एक इलेक्ट्रिशियन बाई हातात ड्रिल घेऊन व्यासपीठावर गुडघे टेकून बसली होती आणि बोटांनी फळ्या वाजवून बघत होती.

"थांबा ताई," काका दारातूनच म्हणाले. "मध्ये जाऊ नका. कडेकडेने खाली या."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, काही न विचारता कडेकडेने खाली आली. "मला आवाज पोकळच वाटत होता," ती म्हणाली. "खाली काय आहे?"

तोवर मास्तरही आले. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. हौद, सांधा, फुगलेली पुस्तकं, पुढच्या रविवारचं आश्वासन. किल्ल्या देताना आपण खोटं बोललो हेही. सांगताना ते कुणाकडे बघत नव्हते, व्यासपीठाच्या पहिल्या पायरीकडे बघत होते.

"आमची मंडळी बंद पडली त्याला सुरुवात माझ्या हातून झाली," ते शेवटी म्हणाले.

मास्तरांनी वाकून एक फळी वाजवून पाहिली. "काका, तसं झालं असेल की नसेल, मला खरंच माहीत नाही," ते म्हणाले. "उगाच तुमची काही चूक नव्हती असं मी म्हणणार नाही, ते तुम्हालाही पटायचं नाही. पण माझ्याकडे एकेचाळीस माणसं आहेत आणि पाणी नाही. तो सांधा दुरुस्त होईल का?"

काकांना इतक्या सरळ प्रश्नाची अपेक्षा नव्हती. "बघावं लागेल," ते म्हणाले. चौतीस वर्षं प्रत्येक तक्रारीला ते हेच उत्तर देत आले होते.

फळ्या उचलल्या. चार चक्क हातात मोडल्या. खाली निळसर फरशीचा हौद, तळाला धुळीचा जाड थर, कोपऱ्यात कोळ्यांचा संसार आणि कुणाच्या तरी हातून पडलेला एक कंगवा. फरशी मात्र कुठेही तडकली नव्हती. काका पायऱ्या उतरून आत गेले, वाकून हात फिरवला आणि म्हणाले, "गवंड्याने काम चोख केलं होतं."

सांधा तळघरात होता, कपाटामागच्या बुटक्या दारातून आत सरपटत जावं लागे. काका सत्तरीला टेकलेले. इलेक्ट्रिशियन बाई म्हणाली, "मी जाते, तुम्ही सांगा." काका म्हणाले, "तुम्ही दिवा धरा," आणि स्वतः सरपटले. गुडघे कुरकुरले, शर्ट गंजाने माखला. दिव्याच्या उजेडात त्यांनी तो सांधा बघितला आणि काही वेळ तसेच पडून राहिले.

"काय झालं काका?" बाईने बाहेरून विचारलं.

"काही नाही. पाईपचे आटे तिरके बसलेत. माझ्याच हाताने," ते म्हणाले. "धागा गुंडाळून दाबून बसवलं होतं, म्हणून इतकी वर्षं टिकलं."

म्हणजे दोष खरोखर त्यांचाच होता. एकोणीस वर्षं वाटत होतं तेच समोर दिसत होतं. पण दिसल्यावर तो एक गंजलेला सांधा होता, वीतभर लांब. त्यांनी पाईप कापला, नवा तुकडा घातला, आटे सरळ लागेपर्यंत तीनदा काढून बसवले. बाहेर आले तेव्हा चहाची वेळसुद्धा झाली नव्हती.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"दीड तास," बाई म्हणाली.

"दीड तास," काका म्हणाले. आणि पायरीवर बसून ते रडले. बाईने दिवा बंद केला, पाना पुसून पिशवीत ठेवला आणि त्यांचं रडून होईपर्यंत दुसरा पाना पुसत बसली.

सुताराने नव्या फळ्या केल्या, खाली आडवे आधार घातले. शनिवारी हौद घासून धुतला आणि पाणी सोडलं. भरायला सहा तास लागले. त्या सहा तासांत काका अकरा वेळा तळघरात गेले आणि सांध्याखाली ठेवलेल्या कोरड्या कागदावर बोट फिरवून आले. शेवटी बायको डबा घेऊन तिथेच आली. "कागद बोलायला लागला की मला सांगा," ती म्हणाली आणि त्यांच्या हातात पोळीभाजी ठेवली.

रविवारी बाकं भरून माणसं भिंतीला उभी राहिली. जुन्या मंडळीतले अकराही जण आले. मास्तरांनी काकांना विचारलं होतं, दोन शब्द बोलाल का. काका नको म्हणाले, मग होय म्हणाले, मग उभे राहून इतकंच बोलले, "हा हौद एकोणीस वर्षं बंद होता, कारण मी पुढच्या रविवारच्या आत दुरुस्त करतो म्हणालो होतो. तो रविवार आज आला. उशिराबद्दल माफी असावी."

आधी कोणाला हसावं की नाही कळेना. मग डोळ्यांनी दगा दिलेले गृहस्थ जोरात हसले, आणि त्यांच्यामागे सगळेच.

पाण्यात पहिली उतरली ती इलेक्ट्रिशियन बाई. तीही त्या एकेचाळिसांत होती, हे काकांना तेव्हाच कळलं. पांढऱ्या झग्यात पायरी उतरताना तिने एकदा काकांकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. काकांनी मान हलवली, पक्कं आहे म्हणून. मास्तरांनी तिला पाठीखाली हात देऊन पाण्यात बुडवलं आणि वर काढलं. केस तोंडावर चिकटलेले, श्वास लागलेला, आणि ती हसत होती. ऐकू न येणाऱ्या दोघांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. त्यांना गाणं अजून चालू आहे हे ठाऊकच नव्हतं.

एकेचाळीस जण व्हायला दुपार झाली. वाकलेल्या भात्याचा ऑर्गन कोपऱ्यात गप्प होता. नव्या मंडळीचं गिटार आणि जुन्या मंडळीच्या आजींचा आवाज यांचा ताल काही जुळत नव्हता, पण दोघांनीही माघार घेतली नाही.

उपासना सुटल्यावर काका तळघरात हौदाचं पाणी सोडायला निघाले. ओल्या केसांची इलेक्ट्रिशियन बाई टॉवेल खांद्यावर टाकून मागोमाग आली.

"व्हॉल्व्ह कुठला, कुठल्या बाजूला फिरवायचा, सगळं मला शिकवून ठेवा," ती म्हणाली. "तुम्ही काही नेहमी असणार नाही."

"म्हणजे? मरतोय की काय मी?"

"तसं नाही हो. बाहेरगावी वगैरे गेलात तर."

"मी कुठे जातोय," काका म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुन्हा बाप्तिस्मे आहेत ना?" आणि तिचा हात धरून त्यांनी तो गार, ओला व्हॉल्व्ह तिच्या मुठीत दिला. "हं, फिरवा. एकदम नाही. सावकाश."

पाईपमधून पाणी जायला लागल्याचा आवाज आला. दोघेही खाली वाकून बघत राहिले. कागद कोरडा होता.