एस्टिल क्विलेनच्या मरणाचा ठराव

एस्टिल क्विलेन नुसता गायचा नाही, जे गायचा ते जगलेला होता, हे आमच्या खोऱ्यात कुणीही शपथेवर सांगेल. न सांगून जाईल कुठे? अमक्याला एस्टिलची कथा नीट ठाऊक नाही असं कानावर आलं, की एस्टिल क्विलेन स्मृती मंडळाचा अध्यक्ष आर्व्हिल हेन्सली त्याला दाण्या-पेंडीच्या दुकानात कोपऱ्यात गाठायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. एस्टिलची लॉटी दुसऱ्याचा हात धरून गेली. एस्टिलने खिडकीत दिवा लावून वाट पाहणाऱ्या माणसाचं गाणं केलं. नॅशव्हिलला जाऊन त्याची रेकॉर्ड काढली, परत आला, त्यानंतर कुठल्या बाईकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि त्याच हिवाळ्यात बर्फात घाटातून गाडीसकट नदीत गेला. गाडी सापडली, प्रेत सापडलं नाही. हे शेवटचं वाक्य आर्व्हिल आवाज खाली आणून म्हणायचा.

मंडळ मोठं कडक. ज्यात ड्रम वाजला ते गाणंच नव्हे, हा पहिला नियम. एका सभासदाने एकदा शहरातून खरखर काढून टाकलेली कॅसेट करून आणली. बिचाऱ्याला वाटलं, पाठ थोपटतील. त्यालाच काढून टाकलं. खजिनदार होबर्ट फ्यूगेट म्हणाला, आज खरखर काढलीत, उद्या रडणं काढाल. रडणं म्हणजे दुसऱ्या कडव्यात एस्टिलचा आवाज फुटतो ती जागा. तिथे सगळ्यांनी उभं राहून हॅट काढायची. तो हुंदका आहे की गिळलेला हुंदका आहे, यावरून मंडळात दोन तट पडले होते, आणि त्या दोन तटांतल्या बायका चर्चमध्ये एका बाकावर बसत नव्हत्या.

आर्व्हिल या फंदात पडला तो मात्र शौक म्हणून नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वी त्याची बायको मॅक्सीन फ्रीज विकणाऱ्या एका माणसाबरोबर निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर हे गाणं लागलं, आणि शाळेच्या बसखाली उताणा पडून काम करत असलेला आर्व्हिल तिथेच ओक्साबोक्शी रडला. बायको गेल्यावर माणसं दारू धरतात, आर्व्हिलने एस्टिल धरला. कुणीतरी आपल्यासारखं भोगलंय आणि त्यातून एवढं सुंदर काहीतरी काढलंय, या आधारावर तो पुन्हा जेवायला लागला. एवढ्यापुरतं मी त्याला हसणार नाही.

हसू येतं ते पुढच्याला. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी डेल्फिया गिलियम, नवरा खाणीत दगावलेली, सरळ मनाची, तोंडाने फटकळ बाई. कित्येक वर्षं दोघं चर्चमध्ये शेजारी बसायची. तिचं छप्पर गळलं की हा शिडी घेऊन हजर, याला खोकला झाला की तिच्या घरून सूप. साऱ्या गावाने मनातल्या मनात त्यांचं लग्न लावून टाकलं होतं. पण विषय निघाला की आर्व्हिल जमिनीकडे बघत म्हणायचा, "एस्टिलने दुसरी नाही केली." आता यावर त्या बाईने काय बोलावं? मेलेल्या गवयाशी भांडता येत नाही.

त्या वर्षी मात्र तिचा धीर सुटला. तिची बहीण फ्लोरिडात एकटी होती, कधीची बोलावत होती. डेल्फियाने बॅग भरून दाराशी ठेवली आणि आर्व्हिलला सांगितलं, "मंडळाचा उत्सव होईतो थांबते. मग तू मला एकच सांगायचं, राहू की जाऊ. एस्टिलला विचारून नाही, तुझं तू." आर्व्हिल बरं म्हणाला, आणि त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली. तिला राहा म्हणावंसं त्याला वाटत होतं, अगदी जिवापासून वाटत होतं. पण तोंड उघडायची वेळ आली की एस्टिल आडवा यायचा.

उत्सवाच्या दिवशी सभागृहाबाहेर ग्रॅनाइटचा दगड चादरीखाली झाकून ठेवला होता. त्यावर एस्टिलचं नाव, जन्म, मृत्यू आणि गिटार कोरलेली. संध्याकाळी अनावरण, मग रेकॉर्ड, मग हॅटा. दुपारी जेवणाच्या वेळी एक म्हातारं जोडपं आत आलं. पुरुष उंच, गुलाबी गालांचा, कार्पेट विकणाऱ्या कंपनीची टोपी घातलेला. बायको लठ्ठ, हसरी, गुडघ्याने लंगडत. हमरस्त्यावरचा बोर्ड बघून वळलो म्हणाले. डेल्फियाने त्यांना उकडलेले बीन्स आणि मक्याचा पाव वाढला. नवखं गिऱ्हाईक दिसल्यावर आर्व्हिल कुठला गप्प बसतोय? खुर्ची ओढून त्याने कथा सुरू केली.

म्हातारा फार मन लावून ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "लॉटी कोण?"

आर्व्हिलला त्याच्या अज्ञानाची कीव आली. त्याने लॉटीचं सगळं समजावून सांगितलं. म्हातारा बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकतेस का, माझी एक लॉटी होती म्हणे." बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

"मीच एस्टिल क्विलेन," म्हातारा म्हणाला. "ही माझी बायको रूथॅन. आम्ही ओहायोत असतो, डेटनला."

आर्व्हिलचा आधी विश्वास बसेना. असले भामटे उत्सवात यायचेच. पण म्हाताऱ्याने पावाला लोणी लावायला डावा हात पुढे केला, आणि त्या हाताची करंगळी अर्धीच होती. भिंतीवरच्या फोटोत गिटार धरलेल्या हाताची तीच करंगळी तशीच अर्धी.

मग एकेक बाहेर येत गेलं. गाडी घाटात घसरली हे खरं. एस्टिल दार उघडून वेळेत बाहेर पडला, गाडीला चार शिव्या घातल्या, चालत खाली आला आणि सरळ ओहायोची बस धरली, कारण मेहुण्याने तिथे कार्पेटच्या दुकानात नोकरी लावून ठेवली होती. रूथॅनशी लग्न गाण्याच्या आधीच झालेलं. तीन मुली, पोटभर जेवण, पुढे स्वतःचं दुकान. गाणं एवढंच, त्यातून काही मिळेना म्हणून सोडून दिलं. मेल्याची बातमी कशी पसरली हे त्याला आजच कळत होतं. आईला तो दर महिन्याला पत्र टाकायचा. ती वारेपर्यंत याच खोऱ्यात होती, पण तिला कुणी विचारलंच नाही.

"आणि दुसऱ्या कडव्यातलं रडणं?" आर्व्हिलने विचारलं.

"सर्दी झाली होती हो मला," एस्टिल दिलगिरीने म्हणाला. "पुन्हा घेऊ म्हटलं, तर रेकॉर्डवाले म्हणाले जेवायची वेळ झालीय, राहू द्या."

आर्व्हिल उठला तो थेट स्वयंपाकघरामागच्या खोलीत. होबर्टने कार्यकारिणी गोळा केली. कुणाला घाम फुटला, कुणी म्हणालं हा ड्रमवाल्यांचा डाव असणार. हुंदकेवाल्यांनी आणि गिळलेल्या हुंदक्यावाल्यांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकमेकांचे हात धरले. होबर्ट टेबलाला टेकून उभा राहिला. रविवारी तो प्रवचन करायचा, त्यामुळे तोंडाला खळ नव्हता.

"बंधूंनो," तो म्हणाला, "बाहेर जो बसलाय तो जिवंत असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याने काय भोगलंय? बीन्स दोनदा घेतले त्याने. आपला एस्टिल नदीत गेला. दगडावर तसं लिहिलंय आणि दगड काही खोडता येत नाही."

मग त्याने रीतसर ठराव मांडला, की एस्टिल क्विलेन हा मृत असून मृतच समजण्यात यावा. मंडळाच्या घटनेप्रमाणे असल्या ठरावाला एकमत लागायचं. एस्टिललाही बोलावून विचारलं. तो म्हणाला, माझी काडीची हरकत नाही, फक्त उजेडात घाट उतरू द्या, रूथॅनला अंधारातला प्रवास सोसत नाही. एवढा समंजस मयत आमच्या कौंटीत पुन्हा व्हायचा नाही.

एकामागून एक हात वर झाले. राहिला आर्व्हिल. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

डेल्फिया दारात उभी होती. हातात वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक आणि सुरी, केक तिने कापायच्या आधी इथे दाखवायला आणला होता. तिने सगळं ऐकलं होतं. ती खोलीतल्या बाकी कुणाकडे बघत नव्हती.

"आर्व्हिल," ती म्हणाली, "तो बाहेर बायकोच्या ताटातला पाव खातोय. आता तुला अडवायला कोण राहिलं?"

आर्व्हिलने तिच्याकडे पाहिलं. तिचे गाल चुलीच्या धगीने लाल झाले होते, केस कपाळाला चिकटले होते, आणि ती त्याला एवढी आवडली की छातीत कळ आली. राहा, असं एकच तर म्हणायचं होतं. आणि तिथेच त्याची पाचावर धारण बसली. दुःख करायची त्याला सवय होती, त्यात त्याचा हात धरणारा आमच्या खोऱ्यात कुणी नव्हता. दुःखी आर्व्हिल म्हणून त्याला मान होता, अध्यक्षपद होतं, संध्याकाळ कशी काढायची हे ठरलेलं होतं. सुखाचं त्याला काहीच माहीत नव्हतं. रोज सकाळी उठून एका जित्याजागत्या बाईच्या मनासारखं वागायचं, आणि तीही एक दिवस गेली तर? एस्टिल मेलेला असला की यातलं काही करावं लागत नव्हतं. तो भ्याला. दुसरं काही कारण नाही, उगाच मोठं नाव द्यायला नको.

त्याने हात वर केला.

होबर्टने ठराव एकमताने संमत झाल्याचं जाहीर केलं आणि टाळ्या झाल्या. डेल्फियाने केक टेबलावर ठेवला, सुरी बाजूला ठेवली, एप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. रागावली नाही, रडली नाही. ताटं तेवढी धुऊन ठेवा म्हणाली. बाहेर जाऊन तिने रूथॅनला विचारलं, वाटेत माझी बॅग घेऊन बसस्टँडवर सोडाल का. रूथॅनला कोण आनंद झाला. तिने मागच्या सीटवरची उशी झटकून जागा केली, एस्टिलने उरलेला पाव कागदात बांधून घेतला, आणि गाडी सावकाश उताराला लागली.

आर्व्हिल आतल्या खोलीच्या खिडकीशी उभा होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, गाडीच्या काचा खाली होत्या. तेवढ्यात होबर्टने येऊन सांगितलं की दगडावरची चादर वाऱ्याने उडतेय, कोपरे धरायला माणूस पाहिजे. आर्व्हिल जाऊन कोपरा धरून उभा राहिला.

संध्याकाळी अनावरण झालं. दगड सगळ्यांना आवडला. होबर्ट एस्टिलच्या शेवटच्या रात्रीबद्दल फार भरभरून बोलला, बर्फ तर त्याने दरवर्षीपेक्षा जास्तच पाडला. मग रेकॉर्ड लावली. खरखर सुरू झाली, माणसं उभी राहिली, आणि दुसऱ्या कडव्याला साऱ्या हॅटा उतरल्या. आर्व्हिलचा बांध फुटला तो तिथेच. दरवर्षी त्याचे डोळे ओले व्हायचे, पण हे काही वेगळंच होतं. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखा हमसून रडत होता. दोघांनी त्याला खांद्यांना धरलं, नाहीतर खालीच बसला असता. बायकांनी आपापल्या रुमालांनी डोळे टिपले. गाणं संपल्यावर होबर्ट लोकांना म्हणाला, बघा, याला म्हणतात खरा गायक, मरून एवढी वर्षं झाली तरी माणसाला असं रडवतो. कुणीतरी म्हणालं, हे तुमच्या ड्रमवाल्यांना जमायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आर्व्हिल उताराच्या रस्त्याकडे बघत होता. गाण्याचा एक शब्दही त्याने ऐकला नव्हता.