पात्याखालचे हात

मी एक जुने कागद कापायचे यंत्र आहे. छापखान्यात मला यंत्र कुणी म्हणाले नाही, सगळे नुसते 'कटिंग' म्हणायचे. मित्रांनो, आता मी तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात असते. तुम्ही माझ्या चाकाला लोंबकळता, माझ्या टेबलावर डबे उघडता. पात्याला लाकडी आवरण घातलेले असल्यामुळे मी तुम्हाला गरीब वाटते. मी गरीब नाही. माझ्या धारेवरून माणसांचे रक्त वाहिले आहे, आणि ते कसे वाहिले हे एकदा सांगून टाकावे म्हणते.

माझा जन्मच मारझोडीत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, निवताच साचा घणाने फोडला, तेव्हा माझे अंग बाहेर आले. पाते वेगळ्या पोलादाचे. ते तापवून बडवले, पुन्हा तापवून तेलात बुडवले आणि मग कित्येक दिवस दगडावर घासले. शेवटी धार लावणाऱ्या कारागिराने अंगठ्याचे नख त्यावर टेकवले, तर नखाची कपचीच उडाली. तो खूश होऊन हसला. माझे पहिले कौतुक ते असे झाले.

छापखाना एका बोळात होता. पुढच्या खोलीत मालकीणबाईंचे टेबल, मधल्या खोलीत छपाई आणि खिळ्यांचे लाकडी खण, मागच्या खोलीत मी. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरे. ती एकेक उचलून ओळी जुळवतो तो जुळारी. आमचे जुळारीकाका खणाकडे न बघता अक्षरे उचलायचे. उजव्या हाताची तीन बोटे दाणे टिपणाऱ्या चिमणीसारखी चालायची. घर, संसार, मुलीचे लग्न, सगळे त्या तीन बोटांवर उभे होते.

माझ्यावर काम करायचा तो त्यांचा मेहुणा. त्याला सगळे साडेआठ म्हणत. पहिल्याच वर्षी त्याने दाजींशी गप्पा मारता मारता माझा दांडा ओढला आणि डावा हात काढायचा विसरला. दीड बोट माझ्या पात्याने घेतले. दवाखान्यातून परत आला तो स्वतःच म्हणाला, "दहातून दीड गेलं. आता मला साडेआठ म्हणा, हिशेब तरी चुकायला नको." हसला तो एकटाच.

त्या दिवसापासून मालकीणबाईंनी नियम घातला. दांडा ओढायच्या आधी साडेआठने मोठ्याने विचारायचे, "हात?" टेबलापाशी असलेल्याने उत्तर द्यायचे, "बाहेर!" उत्तर आल्याशिवाय पाते खाली यायचे नाही. मग सतरा वर्षे माझ्याखाली कागदाखेरीज काही कापले गेले नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

आमचा छापखाना ओळखला जायचा तो सामान्य ज्ञानाच्या पुस्तकासाठी. देशाचा इतिहास, लढाया, शोध, कोण कुठे पहिला आला, चालू वर्षात काय घडले, असे चारशे प्रश्न पुढे आणि शेवटच्या पानांवर क्रमांकाने नुसती उत्तरे. नोकरीच्या परीक्षेला बसणारी मुले ते खिशात घालून फिरायची. दरवर्षी सगळे पुस्तक नव्याने जुळवणे कुणाला परवडणार? जुनी पाने दोऱ्याने घट्ट बांधून फळीवर ठेवलेली असायची. नवे चार-पाच प्रश्न आले की जुने काढून तेवढे बदलायचे.

देशाचा पहिला उपग्रह अवकाशात गेला त्या वर्षी मालकीणबाईंना राहवले नाही. जुना एकही प्रश्न न काढता त्यांनी बाराव्या जागी नवा प्रश्न घातला, भारताचा पहिला उपग्रह कोणता? प्रश्नांची पाने काकांनी नीट सरकवून घेतली. उत्तरांची पाने मात्र दोऱ्यात बांधलेली. ती सोडायची म्हणजे दिवसाचे काम, आणि परीक्षा तोंडावर. काकांनी 'आर्यभट्ट' शेवटच्या पानाच्या तळाशी मोकळ्या जागेत बसवले आणि म्हणाले, "नंतर वर घेऊ." ते नंतर आलेच नाही. मालकीणबाईंनी प्रश्न तपासले. उत्तरे दरवर्षीचीच, म्हणून ती पाहिली नाहीत. बारापासून पुढे प्रत्येक क्रमांकापुढे त्याच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर आले. आणि मी, वाचता न येणारे, ती सगळी पाने सुरेख कापून दिली.

मित्रांनो, त्या पुस्तकात एका किल्ल्याचे दोन प्रश्न शेजारी शेजारी होते. शत्रूला चोरवाट दाखवणारा फितूर कोण? आणि शेवटच्या श्वासापर्यंत किल्ला लढवणारा सरदार कोण? फितुराच्या प्रश्नापुढे आता सरदाराचे नाव आले. त्या सरदाराचा पुतळा आमच्या चौकात होता. त्यांचे नाव मी घेणार नाही. त्या नावावरून एकदा रक्त सांडले तेवढे पुरे.

पुस्तक गावभर गेले. त्या दिवशी जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. आधी दगड आले, मग माणसे. पुढच्या खोलीची काच फुटली, मालकीणबाईंच्या कपाळावर शाईचा डबा बसला आणि त्या टेबलामागे कोसळल्या. मधल्या खोलीत लोकांनी खिळ्यांचे खण ओढून उलटे केले. आयुष्यभर जपलेली अक्षरे फरशीवर सांडली आणि बुटांखाली चिरडली गेली. छपाई करणाऱ्याला लाथांनी तुडवले, त्याच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मागच्या खोलीपर्यंत आला. काका पळाले नाहीत. पळाले असते तर बरे झाले असते.

त्यांची गचांडी धरून पुढे होता तो रंगारी. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, दरवर्षी स्वतःच्या हाताने सरदारांचा पुतळा रंगवणारा.

"हे कुणी जुळवलं?" त्याने पान नाचवत विचारले.

"मीच जुळवलं," काका म्हणाले. "चूक झाली असेल. दाखवा तरी."

"आमच्या सरदारांना फितूर म्हणतोस आणि वर चूक म्हणतोस?"

साडेआठला दोघांनी भिंतीशी दाबून धरले होते. तो ओरडला, "अहो, वरची ओळ वाचा की! राष्ट्रीय पक्षी वाघ असं छापलंय तिथे!"

"वाघ दाखवतो तुला," कुणीतरी म्हणाले आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला.

मग गर्दीतून आवाज आला की ज्या हाताने जुळवले तो हातच ठेवायचा नाही. काकांना फरफटत माझ्यापाशी आणले. उजवा हात माझ्या टेबलावर आडवा केला. कुणी चाक फिरवले, कागद दाबणारी माझी जड पट्टी खाली आली आणि बोटांची हाडे करकरली. काका किंचाळले. रंगाऱ्याने त्यांचा हात वरून घट्ट धरून ठेवला होता. दांड्यावर कोण होते ते त्याला दिसत नव्हते, आणि दांड्यावरच्याला टेबल दिसत नव्हते. मधे नुसती डोकी.

साडेआठच्या तोंडातून रक्त येत होते. तरी त्याला दिसले ते इतर कुणाला दिसले नाही. तो जिवाच्या आकांताने ओरडला, "हात?" पुन्हा ओरडला, "हात?" तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला. त्या खोलीत या प्रश्नाचे उत्तर काय असते हे ठाऊक असलेला एकच माणूस माझ्यावर वाकून तडफडत होता.

दांडा ओढला गेला. मला थांबता आले नाही. धार माझीच होती, त्यात काही सबब नाही. काकांची तीन बोटे गेली, आणि त्यांच्यावर घट्ट बसलेली रंगाऱ्याची दोन.

रंगारी नुसता बघत राहिला. टेबलावर पाच बोटे पडली होती आणि रक्त एकाच ओघळीने खाली चालले होते. खोली पाहता पाहता रिकामी झाली. दांडा ओढणारा कोण, ते पोलिसांनाही शेवटपर्यंत कळले नाही.

पुढचे साडेआठने मला सांगितले. तेल घालताना तो माझ्याशी बोलायचा. दवाखान्यात दोघांच्या खाटा समोरासमोर आल्या. डोक्याला पट्टी बांधलेल्या मालकीणबाई तिथे आल्या आणि पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागल्या. "भारताचा पहिला उपग्रह, मोर. राष्ट्रीय पक्षी, वाघ." रंगाऱ्याने त्यांना थांबवले. पाट्या लिहिण्यात जन्म गेलेला माणूस तो, ओळ कुठे घसरते हे त्याला सांगावे लागत नव्हते.

"प्रश्न एकेक घर खाली आलेत, उत्तरं तिथेच राहिलीत," तो म्हणाला. "म्हणजे काकांनी काही म्हटलंच नव्हतं."

मग तो भिंतीकडे तोंड करून रडला. काकांनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांना त्याचा राग होता आणि तो असायलाच हवा होता.

तुरुंगातली शिक्षा भोगून झाल्यावर रंगारी छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. ब्रश धरायची बोटे गेली होती. आत काका डाव्या हाताने एकेक अक्षर शोधून उचलत होते. कुणी त्याला बस म्हणाले नाही. साडेआठने त्याला दंडाला धरून माझ्यापाशी आणले.

"इथे उभं राहायचं. मी विचारलं की उत्तर द्यायचं. हेच तुझं काम."

साडेआठने कागद लावला, दांड्यावर हात ठेवला आणि विचारले, "हात?" रंगाऱ्याचे ओठ हलले, आवाज फुटेना. साडेआठने दांडा सोडला नाही आणि ओढलाही नाही. बोळातली सावली समोरच्या भिंतीवर चढली तरी तो तसाच उभा होता. मधल्या खोलीत काकांचा हात थांबला होता. शेवटी रंगाऱ्याने रडत रडत म्हटले, "बाहेर." मग पाते खाली आले. पुढची अकरा वर्षे तेच उत्तर त्याच आवाजात आले.

आता छापखाना नाही, ती माणसेही नाहीत. तुम्ही माझे चाक फिरवता त्याचे मला वाईट वाटत नाही. अधूनमधून तेल घातलेत तर बरे वाटेल. एकच मागते. कुणावर काही उगारलेत, हात, दगड किंवा नुसता शब्द, तर आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. साडेआठ त्या दिवशी कितीतरी वेळ थांबला. गर्दीला एकच ओळ वाचण्यापुरते थांबायचे होते.