पिठाचा चौक

ठाणे जिल्ह्यात सलग तीन वर्षं गोळाफेकीत अजिंक्य राहिलेला पुरुष आजवर एकच झाला, आणि तो प्रस्तुत लेखक होय. पहिल्या वर्षी स्पर्धेत मी एकटाच होतो. दुसऱ्या वर्षी आमचे पोस्टमास्तर उतरले. गोळा त्यांच्या हातून सुटला तो त्यांच्याच पायावर, आणि पंचांनी ती फेक मोजली नाही. राहिलं तिसरं वर्ष. त्याबद्दल मी अजून कुणाशी नीट बोललेलो नाही.

मीठ खात्यातले एक साहेब तेव्हा ठाण्याला होते. विलायतेहून येताना त्यांनी माशाचे गळ, दोन कुत्रे आणि सोळा पौंडांचा एक लोखंडी गोळा आणला होता. गोळा आहे म्हटल्यावर तो कुणीतरी फेकायला हवा, म्हणून ते दर जानेवारीत मैदानात खेळ भरवू लागले. मी नौपाड्यात राहत असे आणि शाळेत इंग्रजी शिकवत असे. माझा देह असा की शाळेनं माझी खुर्ची सुताराकडून वेगळी करून घेतली होती. साहेबांनी तो पाहिला आणि त्यात ताकद असेल असं गृहीत धरलं. त्यांचा गैरसमज मी दूर केला नाही. ती सवय मला तेव्हापासूनचीच.

माझी फेक एकवीस फूट जाई. नियम असा होता की जो सलग तीन वर्षं जिंकेल त्याला चांदीचा कप कायमचा घरी नेता येईल. पहिल्या विजयानंतरच नौपाड्यात लोक मला 'पैलवान मास्तर' म्हणू लागले होते. आधी थट्टेनं म्हणत, मग सवयीनं. चाळीस वर्षांच्या आयुष्यात मला कुणी पैलवान म्हणेल असं वाटलं नव्हतं, आणि ते नाव कपावर टांगलेलं आहे हे मला कळत होतं.

तिसऱ्या वर्षी साहेब कंटाळले असावेत. त्यांनी जाहीर केलं, मिठागरातला कुणी मजूर जिंकला तर त्याला खात्यात शिपाई करू. पट्टा, पागोटं आणि बारमाही पगार.

राघो डोंबिवलीकडच्या खाडीवरून आला. त्याची बायको ठमाबाई डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन बरोबर होती. राघोच्या पायांना खाऱ्या पाण्यानं अशा भेगा पडल्या होत्या की त्यांत बोट जावं. मैदानाबाहेर ठमाबाईनं त्याच्या पायांवर तांब्यानं पाणी ओतलं. मी शेजारीच दंड थोपटत उभा होतो.

"जिकला का मिठात नाय जायाचा," ती म्हणाली.

"जिकला का," राघो म्हणाला.

"मास्तर अंगान जारा हाय, पन जोर नाय त्याच्यात."

हे मला ऐकू जावं असा तिचा हेतू नव्हता. लपवण्याचाही नव्हता.

गोळा सात फुटांच्या चौकोनात उभं राहून फेकायचा असे. दर वर्षी शाळेचा शिपाई दौलत चुन्यानं तो आखायचा. त्या दिवशी चुना आयत्या वेळी संपला, म्हणून दौलत आमच्या घरी जाऊन तांदळाचं पीठ घेऊन आला. पिठाच्या रेघा चुन्यापेक्षा सुबक आल्या. हात पिठाचा म्हटल्यावर दौलतला राहवेना. त्यानं चारी कोपऱ्यांत चार ठिपके दिले आणि गोळा मधोमध ठेवला.

मी आत जाऊन फेकला. एकवीस फूट दोन इंच. माझ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची परीक्षा जवळ आली होती.

दौलतनं गोळा आणून परत मधोमध ठेवला. राघो आला आणि रेघेशी थांबला. त्यानं चौकोनाकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं. मग गुडघे टेकून, पाय बाहेरच ठेवून, हात लांब करून त्यानं गोळा ओढून घेतला, कपाळाला लावला, आणि चौकोनाच्या पाठीमागून फेकला. फेकताना तोंडातून हूं की चूं नाही. गोळा माझ्या खुणेवरून गेला आणि पुढे बराच वेळ जातच राहिला. दौलतनं मोजलं. पुढच्या रेघेपासून एकतीस फूट, आणि रेघेमागचे सात धरले तर अडतीस.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. साहेब खुर्चीतून उठले. इंग्रजी येणारा आणि गावची बोली कळणारा तिथे मी एकटाच, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडेच असे.

"तो आत का उभा राहत नाही?" साहेबांनी विचारलं. "त्याला सांगा, आत राहून फेक. अजून दोन संधी आहेत. मला ही फेक मोजायची आहे."

मी राघोला म्हणालो, "साहेब म्हणतात, आत उभा राहा."

"आत कसा जानार, मास्तर? चौक हाय."

त्याला काय म्हणायचंय ते मला पुरतं कळलं. महिन्यापूर्वीच राघोच्याच जातीतल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या भावाच्या लग्नाला मी त्यांच्या गावी गेलेलो. गाणी म्हणत लग्न लावणारी धवलारीण तिथे तांदळाच्या पिठाचा चौक भरत होती. असाच, कोपऱ्यांवर ठिपके देऊन. मधे कलश होता. एक पोर त्यावर पाय देणार तोच त्याच्या आजीनं त्याला दंडाला धरून उचललं. मीच बाकीच्या मास्तरांना समजावून सांगितलं होतं, की यांच्यात भरलेल्या चौकात कुणी पाय घालत नाही.

एक वाक्य राघोला सांगायचं होतं, की हा देवाचा नव्हे, खेळाचा चौक आहे. किंवा एक वाक्य साहेबांना. किंवा आपल्याच धोतराच्या सोग्यानं एक रेघ पुसायची होती.

"काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "तो नियम पाळायला तयार नाही, सर."

वाक्य खोटं नव्हतं. इंग्रजीत तर फारच चांगलं वाटलं. साहेब हात झटकून खुर्चीत बसले. कप माझ्या हातात आला. ठमाबाईनं भाकरीचं गाठोडं न सोडताच परत डोक्यावर घेतलं. राघो जाता जाता माझ्याजवळ थांबला. "जोर हाय बरा तुमच्यात, मास्तर," असं म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. करत असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी सुमतीनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, कप फडताळात ठेवला.

"दौलत सांगत होता, तो माणूस पिठाच्या चौकात पाय घालेना म्हणून हरला."

"हं."

"आपल्याच घरचं पीठ. मग तुम्ही त्याला सांगितलं नाहीत का?"

"पान वाढ," मी म्हणालो.

तिनं वाढलं. पण त्या दिवसापासून कप पुसायचं तिनं सोडलं. मीही पुसला नाही. दोन वर्षांत तो काळा पडला. लोक 'पैलवान मास्तर' म्हणत, आणि मी दर वेळी रस्त्याच्या पलीकडे बघत असे.

दोन वर्षांनी शाळातपासणीसाठी कल्याणला जायचं होतं. कप पंच्यात गुंडाळून बरोबर घेतला, आणि काम आटोपल्यावर होडीनं राघोच्या गावी उतरलो. राघो पायांना तेल चोळत अंगणात बसला होता. भेगा होत्या तिथेच होत्या.

मी सगळं सांगितलं. लग्नातला चौक, साहेबांचा प्रश्न, माझं वाक्य. राघो तेल चोळायचा थांबला नाही.

"मना तवाच सांगितला असता का खेलाचा हाय, तर पाय ठेवला असता," तो म्हणाला. "मी काय येडा हाय?"

"नाही," मी म्हणालो. "साहेबांची बदली झाली. आता ती नोकरी देणारं कुणी नाही. पण कप तुझा आहे."

त्यानं तो हातात घेऊन फिरवला. "ह्याचा करू काय?"

याचा मी विचार केलेला नव्हता.

ठमाबाई दारातून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, कप राखेनं खसाखसा घासला आणि पाण्यानं भरून माझ्यापुढे धरला.

"आमच्या भांड्यातला तुमी पिनार नाय. तुमच्याच भांड्यातला प्या."

तिच्या घरचं पाणी प्यायची माझी तयारी आहे, हे तिला दाखवावं असं मला फार वाटलं. मी कप दोन्ही हातांनी तोंडाशी नेला. मांडीवरचं धोतर भिजलं. आधी मला वाटलं, माझ्याच हातून सांडलं.

राघोनं माझ्या हातातून कप घेऊन उलटा केला, बुडाला बोट लावून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिला.

कप गळका होता.