मास्तरांचा हिरवा मफलर

झाडांची शेवटची पानं गळून गेली आणि सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली, की वहिनींच्या दुकानात गर्दी व्हायची. गर्दी माणसांची, कपड्यांची नव्हे. हेच त्यांचं दरवर्षीचं दुखणं होतं.

वहिनी म्हणजे इस्त्रीवाल्या वहिनी. दुकान जिन्याखाली. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढंच. टेबलावर जुन्या ब्लँकेटांचे चार थर, त्यांवर पांढरी चादर, विजेच्या दोन इस्त्र्या, आणि वीज गेलीच तर म्हणून कोपऱ्यात कोळशाची एक. एवढ्याशा जागेत दोन इस्त्र्या तापल्या की आत वैशाखातल्यासारखं ऊबदार होई, आणि हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुलुपवाला यायचा आणि "सहज आलो होतो" म्हणत पाठ शेकून जायचा. पोस्टमन पत्रांची जुळवाजुळव टपाल कचेरीत करायची सोडून वहिनींच्या टेबलाच्या कोपऱ्यावर करायचा. एकदा तर एका बाईंची दोन पत्रं चादरींच्या घड्यांत गेली आणि चादरींबरोबर कडक इस्त्री होऊनच पोचली.

शेवटी वहिनींनी दाराशी पाटी लावली : काम असेल तरच उभे राहावे.

गल्ली समंजस होती. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जण काम घेऊन यायला लागला. कुलुपवाला एक कॉलर आणायचा, म्हणजे शर्ट आणायचा पण इस्त्री कॉलरलाच हवी असायची. पोस्टमन टोपी आणायचा. आणि निवृत्त हेडमास्तर रोज सकाळी दहाच्या ठोक्याला एक हातरुमाल घेऊन यायचे.

"कालचाच दिसतोय," वहिनी म्हणायच्या.

"कालचा खिशात होता. हा आजचा," मास्तर म्हणायचे. मग गळ्यातला शेवाळी हिरवा मफलर काढून नीट घडी करून बाजूला ठेवायचे, दोन्ही तळहात इस्त्रीच्या दिशेला धरायचे आणि अर्धा तास हलायचे नाहीत.

दुकानात वहिनींच्या मदतीला त्यांच्या वन्सं होत्या. नात्यानं थोरली नणंद, आवाजानं फौजेतली, आणि स्वभावानं जगातल्या प्रत्येक एकट्या माणसाचं लग्न लावून द्यायला निघालेली. वहिनींचा नवरा बसचा ड्रायव्हर. आपल्या बहिणीविषयी तो एवढंच म्हणायचा, "ताईला ब्रेक नाहीत." कपडे घेणं, चिठ्ठी टाचणं आणि गठ्ठे बांधणं हे वन्संचं काम. ते त्या चोख करायच्या. एकोणीस वर्षांत त्या दुकानातलं एक बटणसुद्धा इकडचं तिकडे झालं नव्हतं. वहिनींना या एका गोष्टीचा फार अभिमान होता. कोणी कौतुक केलं नाही तर त्या स्वतःच विषय काढायच्या.

एका सकाळी मास्तर गेल्यावर वन्सं हळूच म्हणाल्या, "तुला दिसत नाही का गं?"

"काय?"

"मास्तर दहाला येतात. गाण्याच्या बाई दहा वाजून दहा मिनिटांनी येतात. रोज!"

"पोस्टमनही दहालाच येतो. त्याचंही लग्न लावता का?"

"त्याला बायको आहे," वन्सं गंभीरपणे म्हणाल्या. म्हणजे चौकशी झालेली होती. "आणि मास्तर मफलर काढून ठेवतात, ते पाहिलंस? का काढतात?"

"गरम होत असेल."

"तरुण दिसावं म्हणून! दोघांनाही कोणी नाही. मास्तरांना एक मुलगा-सून, बाईंना एक कुत्रा. आपण हातभार लावायला नको?"

"वन्सं," वहिनींनी इस्त्री उभी केली, "आपण इस्त्रीवाले आहोत. सुरकुत्या फक्त कपड्यांच्या काढायच्या."

वन्संनी मान हलवली. ती होकारार्थी होती असं वहिनींना वाटलं. तिथंच त्या फसल्या.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी गल्लीचा मेळावा असायचा. भर दुपारी उन्हात टेबलं मांडायची, घरटी एक पदार्थ आणायचा, पोरांनी धावायचं, मोठ्यांनी खायचं आणि गाण्याच्या बाईंनी सगळ्यांना गायला लावायचं. त्याच्या आधीचे तीन दिवस वहिनींना नाकी नऊ यायचे, कारण कोट, टेबलक्लॉथ आणि वर्षभर न घातलेले झगे एकदमच बाहेर निघायचे. त्या गुरुवारी गठ्ठे छताला टेकले होते. त्या गडबडीत मास्तरांच्या घरून तीन पँटी आणि तो हिरवा मफलर आला, आणि संध्याकाळी सगळे गठ्ठे ज्याच्या त्याच्या घरी रवाना झाले.

शुक्रवारी मास्तरांची सून दारात उभी. ती औषधांच्या दुकानात काम करायची, आणि बोलायचीही तशीच, मोजून मापून.

"वहिनी, पँटी आल्या. मफलर नाही आला."

वहिनी हसल्या. असं होणंच शक्य नव्हतं. त्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्सं एका उशीच्या अभ्र्याची घडी घालत होत्या, उलगडत होत्या आणि परत घालत होत्या. 

"मफलर ना... वाळतोय," वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"इस्त्रीला दिलेला मफलर वाळतोय?"

"वाफ जरा जास्त झाली."

सूनबाईनं भुवई उंचावली आणि "उद्या येते" म्हणून गेली. ती वळणावरून दिसेनाशी होताच वहिनी गर्रकन फिरल्या. "वन्सं!"

"बाईंच्या गठ्ठ्यात ठेवला," वन्सं अभ्र्याकडे बघत म्हणाल्या. "वर चिठ्ठीही लिहिली. थंडी वाढलीय, गळा जपा. बस्स, एवढंच. नाव नाही लिहिलं. बाई मफलर ओळखतील, परत द्यायला मास्तरांकडे जातील, मास्तर बसा म्हणतील..."

वहिनींनी कपाळाला हात लावला आणि तशाच, हाताला वाफेचा वास घेऊन, गाण्याच्या बाईंच्या घरी पोचल्या.

बाईंनी दार उघडलं. आत पेटी उघडी होती, आणि पेटीच्या शेजारी सतरंजीवर बाईंचा म्हातारा कुत्रा पसरला होता. मिशा आणि रुबाब यांमुळे त्याला सगळी गल्ली फौजदार म्हणायची. फौजदाराच्या गळ्यात, दोन वेढे देऊन, मास्तरांचा हिरवा मफलर होता.

"किती छान केलंत!" बाई म्हणाल्या. "परवाच मी दुकानात म्हटलं होतं ना, फौजदार खोकतोय म्हणून? तुम्ही लक्षात ठेवलंत. चिठ्ठी वाचून तर डोळ्यांत पाणी आलं."

"बाई, तो... तुमच्यासाठी होता असं नाही वाटलं तुम्हाला?"

"मला? छे. मी गळ्याला लोकर लावतच नाही."

मफलर चुकून आला आहे, परत हवा आहे, एवढं वहिनींनी कसंबसं सांगितलं. कोणाचा, ते काही त्यांच्याने सांगवलं नाही. "घ्या की," बाई म्हणाल्या. वहिनी वाकल्या. फौजदार गुरगुरला. वहिनींनी बाईंकडून पावाचा तुकडा मागून घेतला. फौजदारानं पाव खाल्ला आणि पुन्हा गुरगुरला. दुसरा तुकडा, तेच. चौथ्या तुकड्यानंतर त्यानं वहिनींच्या बाहीचं टोक तोंडात धरून अगदी सभ्यपणे फाडलं.

"आंघोळीच्या वेळी काढून देते," बाई म्हणाल्या.

"आंघोळ कधी असते?"

"पहिल्या तारखेला."

शनिवारी सूनबाई आली तेव्हा वहिनींनी सांगितलं, की मफलर जरा उसवला होता, टाका घालायला घेतला आहे.

"उसवला?" सूनबाईचा चेहरा उतरला. "मी विणलेला आहे तो. आयुष्यात पहिल्यांदाच काही विणलं. बाबा रोज घालतात, म्हणून तर..."  वहिनींना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "सांगून टाक की." त्या म्हणाल्या, "एकोणीस वर्षं!" तो म्हणाला, "मग नको सांगूस." त्यानंही त्यांना बरं वाटलं नाही.

रविवारी ऊन पडलं होतं, पण वाऱ्याला धार होती. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलं लागली. वन्संनी खुर्च्या मांडायचं काम आपणहून घेतलं होतं, त्यामुळे मास्तर आणि गाण्याच्या बाई शेजारी शेजारी आले, हे सांगायला नको. दोघंही आपापल्या खुर्चीच्या बाहेरच्या काठावर बसले होते. वहिनींनी सकाळीच बाईंना हात जोडून विनवलं होतं, की आजच्या दिवस फौजदाराला घरात कोंडा. बाईंनी कोंडलंही होतं. पण सूप उकळायला लागलं, त्याचा वास खिडकीतून आत गेला, आणि फौजदार त्याच खिडकीतून बाहेर आला.

वहिनींना तो लांबूनच दिसला. हिरवा मफलर वाऱ्यावर फडफडत होता. त्यांनी त्याच्या आणि टेबलांच्या मधे यायचा प्रयत्न केला, पण तो टेबलांखालून निघाला, दहा-बारा जणांच्या पायांतून वाट काढत गेला, आणि बरोबर मास्तरांच्या पायांशी जाऊन बसला. मफलरला मास्तरांचा वास असणार.

सूनबाई पळी हातात घेऊन सूप वाढत होती. पळी तिथंच थांबली.

"हा," ती म्हणाली, "बाबांचा मफलर आहे."

सगळ्या माना फौजदाराकडे वळल्या.  आता बोलायला आणखी एक खोटं वहिनींकडे शिल्लकच नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "वाळत नव्हता, उसवलाही नव्हता. माझ्या दुकानातून चुकीच्या घरी गेला. मी तुमच्याशी दोनदा खोटं बोलले. चूक माझी."

"तिची कसली चूक!" वन्सं उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे गेला असेल. "मीच पाठवला. मला वाटलं ह्या दोघांचं जमावं."

"कोणा दोघांचं?" मास्तरांनी विचारलं.

वन्संनी दोघांकडे बोट दाखवलं.

"माझं? ह्यांच्याशी?" गाण्याच्या बाई ताडकन उठल्या. "अहो, हे माझ्या प्रत्येक गाण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतात! ह्यांना चुकवायला मी मुद्दाम दहा मिनिटं उशिरा येते!"

"आणि बाई भेटल्या की गायला लावतात," मास्तर म्हणाले, "म्हणून मी मुद्दाम दहा मिनिटं लवकर येतो. पण एकदा इस्त्रीपाशी उभं राहिलं की निघवत नाही, त्याला मी काय करू?"

पोस्टमन हसायला लागला तो त्याला ठसकाच लागला. फक्त सूनबाई हसत नव्हती. तिनं पळी खाली ठेवली.

"बाबा, मफलर तीन दिवस घरात नाही. तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं."

"मग विचारलं का नाहीत?"

मास्तरांनी आयुष्यभर शेकडो पोरांना उलटतपासणीत पकडलं होतं. आज त्यांच्यावर पाळी आली. त्यांनी खाकरून पाहिलं, बूट पाहिले, फौजदाराकडे पाहिलं. फौजदार काही मदत करणार नव्हता.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले, "तो फार खाजतो गं. वहिनींच्या दुकानात काढून ठेवायचो, तेवढाच अर्धा तास मानेला आराम."

तिचे ओठ थरथरले. आता ही रडणार, असं वहिनींना वाटलं आणि त्यांनी पुढे पाऊल टाकलं. पण सूनबाई खदखदून हसली, इतकी की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"मला माहितीय खाजतो ते! विणून झाल्यावर मी स्वतः घालून पाहिला होता. पाच मिनिटांत काढला. पण तुम्ही रोज घालायला लागलात, मला वाटलं तुम्हाला आवडला! म्हणून तर दुसरा घेतलाय विणायला. अर्धा झालाय."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "कोणत्या लोकरीचा?"

"त्याच."

"थांबव," मास्तर म्हणाले. "सूप राहू दे आणि आधी तो थांबव."

मग मात्र सगळी गल्ली हसली. फौजदाराला वाटलं आपलंच कौतुक चाललंय, त्यानं दोनदा भुंकून दाखवलं. कोणीतरी त्याला पावाचा तुकडा टाकला, गाण्याच्या बाईंनी ही संधी साधून सगळ्यांना गायला लावलं, आणि दुसऱ्याच ओळीला मास्तरांनी हात वर केला.

वहिनी बाजूच्या बाकावर बसल्या. एकोणीस वर्षांचा विक्रम मोडला होता आणि कोणालाही त्याचं काही वाटलेलं दिसत नव्हतं. कुलुपवाला जाता जाता म्हणाला, "वहिनी, मी तर महिन्यातून एकदा चुकीचं कुलूप तोडतो." पोस्टमन म्हणाला, "माझं विचारूच नका." वहिनींना आधी थोडा राग आला, एवढ्या वर्षांच्या चोख कामाची किंमत ही का म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला राग नाही, भूक लागली आहे. शुक्रवारपासून त्या धड जेवल्या नव्हत्या.

सूनबाई वाडगं घेऊन शेजारी येऊन बसली. "घ्या. गरम आहे."

"रागावलात?"

"वाळतोय म्हणालात तेव्हाच कळलं होतं मला. तुमचे कान लालभडक झाले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पुढे काय सांगता ते ऐकायचं होतं," सूनबाई म्हणाली. "टाका घालतेय हे चांगलं होतं, क्षणभर पटलंही. त्यापुढे काय सांगणार होतात?"

"मांजरानं पळवला म्हणून."

"ते मी मानलं नसतं."

ऊन सरकत सरकत टेबलांच्या शेवटच्या टोकाला गेलं होतं, आणि माणसंही खुर्च्या उचलून त्याच्या मागोमाग तिकडे चालली होती. वन्सं कोणाला तरी कुठे तरी बसवत होत्या. वहिनींनी पहिलं वाडगं संपवलं, दुसरं संपवलं आणि तिसऱ्यांदा हात पुढे केला.

"आहे का अजून?"

"तळाला थोडं आहे. जरा लागलंय खाली."

"चालेल," वहिनी म्हणाल्या, "खरवडून आण." आणि आपण हिच्याशी आत्ताच एकेरीत बोललो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.