पत्र्याखालचा पर्जन्यमापक

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून कुणाचाच विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना पर्जन्यमापक आहे. मला उज्जैनला आणलं तेव्हा माझं जस्ताचं अंग चांदीसारखं चमकायचं. एका सरकारी कचेरीच्या अंगणात, उघड्या आभाळाखाली मला रोवलं. वर नरसाळं, पोटात बाटली. रोज सकाळी साडेआठला मधुकरराव बाबू माझ्या पोटातलं पाणी काचेच्या नळीत मोजत आणि रजिस्टरात लिहीत. एका श्रावणात तर माझ्यात आभाळातून जिवंत मासा पडला, तोही त्यांनी मोजून क्षिप्रेत सोडला! पन्नास गावांचा पाऊस माझ्या शब्दावर ठरायचा. बडे साहेब विचारायचे, “आज हा काय म्हणतो?” एवढा माझा मान.

मग नव्वदनंतरची वर्षं आली. टावर चौकात रंगीत टीव्हीची दुकानं झाली, बाबू लोकांच्या सायकली जाऊन स्कूटर आल्या. त्या भिजू नयेत म्हणून अंगणात पत्र्याचं छप्पर घातलं. मी त्याच्या बरोबर मधोमध. कुणी म्हणालं, “याला जरा सरकवायला पाहिजे.” दुसरं म्हणालं, “सरकवू की आरामात, कुठे पळून चाललाय?” पुढे तर माझ्या नरसाळ्यावर हेल्मेट ठेवू लागले.

एका ऑक्टोबरात तीन दिवस अवेळी पाऊस कोसळला. जवळच्या गावातल्या कुसुमताईंचं सोयाबीन कापून शेतातच पडलं होतं. चौथ्या दिवशी, पाऊस चालूच असताना, त्या पदरात शेंगा घेऊन कचेरीत आल्या. शेंगांना कोंब फुटले होते. सरकारी मुआवजा, म्हणजे नुकसानभरपाई, मिळाला तरच त्यांच्या मुलीची, मृणालची, कॉलेजची फी भरली जाणार होती.

मधुकररावांनी रजिस्टर फिरवून दाखवलं. “ताई, तिन्ही दिवस शून्य. पाऊस झालाच नाही.”

“झालाच नाही? मग ही तुमची ओली छत्री काय नळाखाली धरून आणलीत?”

“छत्रीचं रजिस्टर नसतं हो,” मधुकरराव मान खाली घालून म्हणाले. “वर शून्यच गेलंय. आता कुणी शेत बघायलाही येणार नाही.”

कुसुमताई अंगणात आल्या. माझ्यावरचं हेल्मेट उचलून त्यांनी आत पाहिलं, मग वर पत्र्याकडे. पत्रा ताशासारखा वाजत होता. शेंगा माझ्या पायाशी ठेवून निघून गेल्या.

आज मी तुमच्या शाळेत, भूगोलाच्या खोलीत फाटक्या नकाशांबरोबर पडून आहे. मित्रांनो, ज्याच्या शब्दावर लोकांचं नशीब ठरवता, त्याला निदान उघड्यावर तरी ठेवा. एवढीच माझी विनंती.

पण थांबा, असे तोंड पाडून बसू नका! मी का गप्प राहणारा? मी पत्र्यातल्या एका खिळ्याला डोळा मारला. खिळा टुणकन उडाला, भोकातून धार लागली, माझं पोट तुडुंब! दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी मोजलं, बहात्तर मिलिमीटर! कागद बदलले, मुआवजा घरी पोचला, मृणाल कॉलेजात गेली. आता इंदूरला मोठी प्रोफेसर आहे, दर दिवाळीला मला हार घालायला...

“खोटं!” मागच्या बाकावरून शर्वरी नावाची मुलगी उभी राहिली. “मृणाल माझी आई आहे. ती कॉलेजात गेलीच नाही.”