मीठ वर्ज्य

नेरच्या बाजाराच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. स्वयंभूबाबांनी वाटीत पाणी ओतलं, वर बोटं फिरवली आणि पाणी थिजलं! वाटी उपडी केली तरी थेंब गळेना.

"सायन्सवाले याले सेल्फ असेंबली म्हणतात," बाबा पेपरचं कात्रण नाचवत गरजले, "आपण म्हणतो स्वयंभू! जखमेवर लावा, मांस आपोआप भरते. फक्त मीठ वर्ज्य! जेवणात नाही, मैदानात नाही!"

मोनालीच्या कडेवर राजदीप तापानं फणफणला होता. वरण सांडून भाजलेल्या त्याच्या पायावर सासूनं, सत्यभामाबाईंनी, हीच जेली थापली होती. आता जेलीखालून वास येत होता.

"आत्याबाई, दवाखान्यात नेऊ द्या याले."

"चूप बस वं! बाबाचा कोप होईन. भातात मीठ तं नाही ना टाकलं तू?"

मीठच काहून, का म्हणून? मोनाली थबकली. कपाशीच्या पऱ्हाटीच्या मुळाशी ओल टिकावी म्हणून गावानं पाणी पिऊन फुगणारी जेलची पांढरी पूड मातीत पुरली होती. खारं पाणी देऊ नका, फुगणार नाही, असं विकणाऱ्यानं बजावलं होतं. शेतातली ती पूड वाटीच्या तळाशी कुणी ओळखलीच नव्हती!

मिठाच्या डब्यासकट फाटकाबाहेर हाकललेल्या पेरूवाल्या लालीबाईकडून तिनं मूठभर मीठ घेतलं, पाया पडायचं निमित्त करून पुढे गेली, वाटीत ओतलं आणि खसाखसा ढवळलं. जेलीचं पाणी झालं. बाबांच्या रेशमी मांडीवर सांडलं.

"बाबा, तुमचा देव इरघयला की वो!" लालीबाई फाटकातून ओरडली. मैदान हसलं.

"पापिणी! पोरगं मरन तुहं!" बाबा किंचाळले.

"माह्या लेकराचं नाव काढशीन तं जीभ हासडीन!" मोनाली कडाडली आणि दवाखान्याकडे धावली.

जखम धुताना सगळं ऐकून डॉक्टर कुंदाबाई संतापानं म्हणाल्या, "कात्रण खरं आहे गं. प्रथिनांचे बारीक तुकडे शरीरातल्या क्षारांना भेटले की स्वतःच जाळं विणतात, त्यावर पेशी वाढतात. त्यावर वर्षानुवर्षं तपासण्या चालल्यात. ते खरं जेल मिठानं घट्ट होतं, या बाबाच्या जेलीचं मिठानं पाणी झालं. चोरानं नाव तेवढं उचललं. अजून उशीर झाला असता, तर पाय गेला असता."

दाराशी सत्यभामाबाई पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या. "मीठ काहून नाही, एवढं तरी इचाराले पाह्यजे होतं न वं मी?"

बायांनो, तेवढंच विचारा. मनाई करणाऱ्याला "काहून?" म्हणा. उत्तराऐवजी शाप मिळाला, तर लेकरू उचला आणि दवाखाना गाठा.