शंभर किलोचा पट्टा

“हलू नकोस रे, वरचा आकडा नाचतोय!” भोंगा ओरडला.

मी काँक्रीट वर न्यायच्या लोखंडी बादलीत उकिडवा बसलो होतो, आणि बादली क्रेनच्या हुकाला, जमिनीपासून वीतभर वर. जेवणाची सुट्टी. साहेब लोक गेटबाहेर चहाला गेलेले. वर केबिनमध्ये माझ्या जागी दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर बसवला होता. हुकाला किती वजन लागलंय ते तिथल्या पडद्यावर दिसतं. म्हटलं, बघू तरी.

वॉकीटॉकी खरखरला. “बादली वजा करून... शून्य पॉइंट एक टन.”

“टनात नको, किलोत बोल ना बाबा!”

“किलो याला कळत नाहीत. तू पंच्याण्णव असलास तरी पॉइंट एक, एकशे चार असलास तरी पॉइंट एक.”

“बघ,” मी बादलीतूनच भोंग्याला म्हणालो, “क्रेनच्या दृष्टीने मी शिडशिडीत आहे. त्या सेफ्टीवाल्याच्याच डोळ्यात खुपतोय.”

भोंगा माझा सिग्नलवाला. खाली उभा राहून मला डावं-उजवं सांगणारा. आवाज असा, की वॉकीटॉकी त्याला शोभेपुरताच दिलाय. सहा वर्षं त्याचा आवाज माझ्या कानात, आणि चेहरा फक्त चहाच्या वेळी. संसार करायला ही पद्धत फार चांगली, असं मी त्याला म्हणायचो.

सेफ्टीवाला माझ्यावर का उखडला असेल, तर त्याची खुर्ची मी एकदा हुकाला लावून नवव्या मजल्यावर नेऊन ठेवली होती. पण या वेळी बिचारा खरं बोलत होता. शिडी चढताना अंगाला बांधायचे नवे पट्टे येणार होते आणि पट्ट्यावरच लिहिलेलं, शंभर किलोपर्यंत. माझं वजन एकशे चार. दीड महिन्याची मुदत. तोवर शंभराच्या आत, नाहीतर केबिन सोडायची आणि खाली गोदामात स्क्रू मोजत बसायचं.

सगळ्यांना वाटलं, मला क्रेनचा रुबाब सुटत नाही. वाटू दिलं.

साइटवरच्या औषधाच्या खोलीत एक सिस्टर बसायच्या. दर सोमवारी काट्यावर उभं राहायचं आणि आठवडाभर काय खाल्लं त्याचा कागद द्यायचा. पहिल्या सोमवारी मी काट्यावर उभं राहून हळूच टेबलाच्या कडेला बोट टेकवलं.

“काका, बोट उचला.”

“काका म्हणू नका हो सिस्टर, तेवढ्यानेच अर्धा किलो वाढतो.”

“उचला. आणि दुसऱ्या हाताचंही.”

कागद मात्र मी इमानदारीत लिहायचो. भात बंद, साखर बंद, तळलेलं बंद. दुपारी काकडी. काकडी खाणाऱ्या माणसाकडे जग कसं बघतं ते मला त्या दिवसांत कळलं. भोंगा खालून म्हणायचा, “दादा, वरून ससा बोलतोय का कोण?”

तीन सोमवार झाले. एकशे चार, एकशे तीन पॉइंट आठ, पुन्हा एकशे चार.

सिस्टरांनी तिन्ही कागद समोर मांडले. “एवढंसं खाऊन वजन हलत नाही, असं होत नाही. काय लपवताय?”

“खाण्यातलं? काही नाही. आईशप्पथ.”

“आणि पिण्यातलं?”

मी छताकडे बघितलं. खोलीला पंखा चांगला होता.

“किती?”

“दोनच. मोठे. रोज सात वाजता. पण सिस्टर, त्यात ना तेल ना साखर. पाण्यासारखी पातळ. शिवाय मी सोडाही साधाच घेतो.”

त्या हसल्या नाहीत. “दोन मोठे म्हणजे अर्ध्या जेवणाच्या कॅलरी. आणि ती पोटात गेली की शरीर आधी तिलाच जाळत बसतं. तुमची चरबी रांगेत उभी राहते, तिचा नंबरच लागत नाही. सोबत काय खाता?”

“दाणे. खारे. मोजून...”

“किती मोजून?”

“पहिल्या पेगाला मोजतो. पुढचं आठवत नाही.”

“मग? घरी कुणी ओरडत नाही?”

“घरी सगळे ऐकून घेतात,” मी म्हणालो आणि बूट घातले.

आता सात वाजताचं सांगतो. आमच्या गॅलरीत दोन खुर्च्या. ही होती तेव्हा सातला आम्ही तिथे बसायचो. मला दोन पेग, हिला लिंबूपाणी, आणि मधल्या वाटीतले दाणे सगळे हिच्या पोटात. “बोल, आज वरून काय काय दिसलं?” एवढं विचारायची. मग मी सुरू. गच्चीवर भांडणारी जावांची जोडी, पाण्याच्या टाकीत पोहणारा वॉचमन, निम्मं खरं, निम्मं मी लावलेलं. लावलेलं ती बरोबर ओळखायची आणि त्यालाच जास्त हसायची.

दिवसाही आमचं चालायचं. केबिनमधून आमची गॅलरी दिसते, बोटाच्या पेराएवढी. दुपारी एकला ती कठड्यावर पिवळा टॉवेल टाकायची. म्हणजे मी पान वाढून घेतलं, तूही डबा उघड. मी एक हॉर्न द्यायचो. खाली साइटवर सगळ्यांना वाटायचं, हा जेवणाच्या सुट्टीचा हॉर्न! दोनशे माणसं हातातलं काम टाकून जेवायला बसायची. आम्ही दोघांनी ही गंमत चार वर्षं कुणाला सांगितली नाही.

ती जाऊन दोन वर्षं झाली. एकचा हॉर्न मी अजून देतो. लोकांना भूक लागते.

तर त्या तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी मी बाटली कपाटावर ठेवली आणि लिंबूपाणी घेऊन बसलो. म्हटलं, “आज काय झालं माहितीये का...” आणि पुढे शब्दच फुटेना. पोटात दोन पेग असले की समोरची खुर्ची ऐकते. लिंबूपाण्यावर ती नुसती खुर्ची असते. प्लास्टिकची. एका पायाला तडा गेलेली.

साडेसातलाच आत येऊन पडलो.

पण काटा हलला. एकशे दोन पॉइंट दोन. मग शंभर पॉइंट नऊ. सिस्टरांनी टाळी दिली. त्या खुशीत त्याच संध्याकाळी मी कपाटावरची बाटली काढली. दोन घेतले, जंगी गप्पा झाल्या. खुर्चीने भरपूर ऐकून घेतलं. नंतर किती दाणे गेले आणि फ्रीजमधलं काय काय गेलं, ते सकाळी रिकाम्या डब्यांवरून कळलं. गुरुवारी सिस्टरांनी मधेच बोलावून काट्यावर उभं केलं. एकशे दोन.

“घेतली?” सिस्टर.

“गप्पा मारायच्या होत्या.”

त्यांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. “काका, बाटली की क्रेन, एकच निवडावं लागेल,” एवढं म्हणाल्या.

त्यांना काय माहीत. सातची खुर्ची की एकचा कठडा, दोन्ही तिचेच होते. गोदामातून आमची गॅलरी दिसत नाही. तिथून समोरची भिंत दिसते.

उरलेली बाटली मी मोरीत ओतली. सातच्या ठोक्याला गॅलरीत बसायचं सोडलं, चालायला लागलो. त्याच त्या चार गल्ल्या, उलट्या-सुलट्या. एका कुत्र्याला मी रोज काहीबाही सांगायचो. तो अर्ध्यातच उठून जायचा.

शेवटच्या सोमवारी सेफ्टीवाला स्वतः काट्याजवळ उभा. माझे दोन्ही हात त्याने वर करायला लावले, जसा काही मी बँक लुटून आलोय.

नव्याण्णव पॉइंट चार.

“बूट काढून?” त्याने विचारलं.

“घालून,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण आवाज ठाम होता.

नवा पट्टा बांधून मी शिडी चढलो. एकशे दहा पायऱ्या. पूर्वी दोनदा थांबायचो, आज एकदाच. सकाळभर सळया उचलल्या, पत्रे उचलले, आणि एक वाजता कठड्याकडे बघितलं.

पिवळा टॉवेल वाऱ्यावर हलत होता. सकाळी निघताना मीच टाकला होता. मागे दोन खुर्च्या, बोटाच्या पेराएवढ्या गॅलरीत.

मी हॉर्न दिला. खाली माणसं हत्यारं ठेवून नळाकडे निघाली. मग अजून एकदा दिला.

“ए दादा,” कानात भोंगा गरजला, “आज दोनदा का रे?”

“पहिला तुमचा होता.”

“आणि दुसरा?”

मी वॉकीटॉकी बाजूला ठेवला आणि डबा उघडला. काकडी होती.